खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर : विश्रांती किती, व्यायाम किती?

आजी मोरीत पाय घसरून पडतात आणि खुब्यापाशी हाड मोडते. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, आजी घरी येतात. यानंतर घरातील मंडळी पुष्कळदा मायेपोटी एक चूक करतात. ‘आता तुम्ही काही करू नका, नुसत्या पडून राहा’ असे सांगून त्यांना खाटेवरून हलू देत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसते, पण आजींना उभे राहता येत नाही. मग ‘ऑपरेशन फसले’ अशी चर्चा सुरू होते. अशा वेळी बहुधा ऑपरेशन फसलेले नसते. मांडीचे व कुल्ल्याचे स्नायू दुबळे झालेले असतात.

स्नायू वापरला नाही की तो झपाट्याने रोडावतो, आणि उतारवयात हा वेग अधिकच असतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीच्या पुढच्या धडधाकट व्यक्तींना १० दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतील जवळजवळ १ किलो स्नायू कमी झाला. ही निरोगी माणसांची गोष्ट झाली. शस्त्रक्रिया झालेल्या, भूक मंदावलेल्या वृद्धाचे काय होत असेल याची कल्पना करावी.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसवलेला गोळा. चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर शरीराचा भार एकाच पायावर येतो. त्या वेळी कमर दुसऱ्या बाजूला कलू न देण्याचे काम कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू करतात. ते दुबळे असतील तर माणूस झोकांड्या खात चालतो. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्येच हे दाखवून दिले होते. शस्त्रक्रियेत याच भागातील स्नायू काही प्रमाणात कापावे किंवा ताणावे लागतात. शिवाय वेदनेमुळे रुग्ण ते वापरत नाही. म्हणून त्यांना मुद्दाम कामाला लावावे लागते.

केव्हा उठावे? डॉक्टरांची हरकत नसेल तर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला बसवून, वॉकरच्या आधाराने उभे करतात. लवकर उठण्याने स्नायू टिकतातच, शिवाय पाठीला जखमा होणे, छातीत कफ साठणे, पायातील शिरेत रक्ताची गुठळी होणे हे धोकेही कमी होतात. पायावर भार किती द्यायचा हे मात्र हाड कसे मोडले आणि ते कसे बसवले यावर अवलंबून असते. घरी जाण्यापूर्वी ‘पूर्ण भार द्यायचा की थोडा?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे.

अंथरुणावरचे व्यायाम. पावले वर-खाली हलवावीत. गुडघा खाली दाबून मांडीचा स्नायू ५ सेकंद आवळून धरावा. दोन्ही कुल्ले आवळावेत व सोडावेत. टाच गादीवरून सरकवत गुडघा थोडा वाकवावा. प्रत्येक प्रकार सुमारे १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा करावा. पाय बाजूला नेण्याचा व्यायाम महत्त्वाचा आहे. पण काही प्रकारच्या शस्त्रक्रियांनंतर तो काही आठवडे करू देत नाहीत, म्हणून विचारूनच सुरू करावा.

उभ्याने करायचे व्यायाम. स्वयंपाकघरातील ओट्याला धरून पाय मागे व बाजूला न्यावा, टाचा उचलाव्यात. त्यानंतर सर्वांत उपयुक्त व्यायाम म्हणजे हातांच्या खुर्चीवरून उठणे व बसणे. प्रथम हातांचा आधार घ्यावा, जमेल तसा तो कमी करावा. पुढे एका पायरीची चढ-उतर करावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी टाकावा.

काठी कोणत्या हातात धरायची, याबाबत बहुतेकांचा घोटाळा होतो. ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी. तेथून मिळणारा आधार दुबळ्या स्नायूंचे काम हलके करतो आणि खुब्यावरील दाब कमी होतो. काठी घेण्यात कमीपणा मानू नये, आणि ती घाईने सोडूही नये.

खुब्यात कृत्रिम सांधा बसवला असल्यास तो निखळू नये म्हणून पहिले काही आठवडे बहुधा जास्त पथ्ये सांगतात : मांडी घालून किंवा उकिडवे बसू नये, पायावर पाय टाकू नये, पाट वा बुटक्या स्टुलावर बसू नये, खाली वाकून वस्तू उचलू नये. घरात उंच कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणावी. केवळ स्क्रू, पट्टी किंवा सळई बसवली असेल तर पथ्ये निराळी असतात. शेजाऱ्याची पथ्ये आपल्याला लावू नयेत.

‘या वयात कसली ताकद येणार?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर बोस्टनमधील एका प्रयोगाने १९९० सालीच दिले. वृद्धनिवासातील सरासरी ९० वर्षांच्या व्यक्तींनी ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम केला, तेव्हा त्यांच्या मांड्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. व्यायाम हळूहळू अवघड करत नेला पाहिजे, एवढेच. पहिल्या महिन्यातील व्यायामच सहाव्या महिन्यात करत राहिल्यास प्रगती थांबते. म्हणून फिजिओथेरपिस्टला अधूनमधून दाखवावे. शक्ती परत येण्यास कित्येक महिने, कधी वर्षही लागते.

त्याबरोबर आहारही हवा. नुसत्या चहा-बिस्किटांवर किंवा पेजेवर स्नायू बनत नाही. डाळ, उसळ, दूध, दही, चालत असेल तर अंडी-मासे रोज द्यावेत. हाड सहज मोडले असल्यास हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी व औषधे यांविषयीही विचारावे.

व्यायामानंतर थोडे दुखणे साहजिक आहे. पण पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप आला, एकाएकी असह्य कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसू लागला, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर गाठावा. छातीत दुखून धाप लागल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

घरच्यांनी रुग्णाला पाण्याचा तांब्या खाटेवर आणून देण्याऐवजी वॉकर पुढे करावा व शेजारी उभे राहावे. चार पावले चालून आजींनी स्वतः पाणी घेतले, की त्या दिवसाच्या व्यायामाची सुरुवात झाली असे समजावे.