रोमन सैनिकाचा तो रुबाबदार झगा म्हणजे खरंतर घोंगडीच होती!

जुलैमध्ये सुरगाण्याच्या खाचरांत भातलावणी सुरू असते. पाठीवर बांबूच्या कामट्या आणि पानांचं इरलं, नाहीतर आता प्लॅस्टिकचा कागद. घाटावरच्या धनगराकडे त्याच कामाला घोंगडी. पाऊस आला की तिची खोळ करून डोक्यावर घ्यायची, रात्री तीच अंथरायची, तीच पांघरायची.

आता हॉलिवूडचा रोमन सैनिक आठवा. लालभडक झगा वाऱ्यावर उडतोय आणि गडी तलवार चालवतोय. दिसायला भारी आहे, पण हा झगा मुळात घोंगडीच्या कामाचा होता.

साध्या सैनिकाच्या अंगावर असायचा तो ‘सागुम’. म्हणजे जाड लोकरीचा चौकोनी तुकडा. शिवणकाम जवळपास नाहीच. डाव्या खांद्यावरून घेऊन उजव्या खांद्यावर पिनेनं अडकवायचा, म्हणजे तलवारीचा हात मोकळा. या पिनेला ‘फिबुला’ म्हणत. साडीच्या पदराला लावतात त्या सेफ्टी पिनेची ही पणजी. लोकरीतली चरबी पूर्ण धुऊन काढली नाही तर पाणी वरच्यावर निथळतं, हे धनगराला ठाऊक आहे तसंच रोमन विणकरालाही होतं.

दुसरा प्रकार ‘पेनुला’. समोरून बंद आणि डोक्यावर टोपी, म्हणजे थेट खोळच. तिसरा ‘पालुदामेंटुम’, पण तो सेनापतींचा. सिनेमावाल्यांनी तोच उचलून सगळ्यांना वाटून टाकला.

मग सैनिकांचे झगे कुठल्या रंगाचे? सरसकट लाल तर नक्कीच नाहीत. इजिप्तमध्ये इ.स. 138 सालची पपायरसवरची एक सरकारी ऑर्डर सापडली आहे. कापाडोकियातल्या (आजचं तुर्कस्तान) फौजेसाठी विणकरांना दिलेली. त्यात एक अंगरखा आणि चार झगे आहेत. झगे पांढरे, 6 हात लांब, 4 हात रुंद, प्रत्येकी 24 द्राख्मा. लोकर मऊ हवी आणि डाग चालणार नाही, अशी अटही आहे. शिवाय छावणीच्या दवाखान्यासाठी एक चादर. 6 बाय 4 हात म्हणजे साधारण 9 बाय 6 फूट, माणूस आरामात गुंडाळून झोपेल एवढं कापड.

पण खरी गोम पुढे आहे. हे कपडे फुकट नव्हते!

इ.स. 81 च्या सुमाराचा एका सैनिकाचा पगारहिशेब इजिप्तमध्येच मिळाला. पगार वर्षातून तीनदा. एका हप्त्यात हातात येणार 248 द्राख्मा, त्यातले 80 जेवणाचे कापले, 60 कपड्यांचे, 12 जोड्यांचे. गणवेशाचे पैसे पगारातून कापून घेणं ही आजच्या सिक्युरिटी गार्डना चांगलीच परिचयाची गोष्ट.

याचा राग एकदा फुटलाही. इ.स. 14 मध्ये सम्राट ऑगस्टस वारला आणि पॅनोनियातल्या (हंगेरी-क्रोएशियाचा पट्टा) तीन लीजननी बंड केलं. इतिहासकार टॅसिटसनं त्यांची तक्रार नोंदवून ठेवलीय. दिवसाला 10 ‘आस’ मिळतात आणि त्यातूनच कपडे, शस्त्रं, तंबू घ्यावे लागतात, दिवसाला एक दिनार द्या. चळवळीचा पुढारी पर्केनियस नावाचा साधा शिपाई होता. तेवढ्यात चंद्राला ग्रहण लागलं. सैनिक घाबरले, बंड ढेपाळलं आणि पर्केनियस मारला गेला. पगारवाढ काही झाली नाही.

इकडे शहरात मात्र याच झग्याला वेगळाच मान. ‘सागुम अंगावर घेतला’ याचा लॅटिनमध्ये अर्थ ‘युद्धाला उभे राहिले’. इ.स.पू. 43 मध्ये अँटनीविरुद्ध युद्धाची वेळ आली तेव्हा रोमच्या लोकांनी टोगा उतरवून सागुम चढवला. सिसेरोसारखा भाषणं करणारा माणूसही त्यात होता.

आणि एक झगा तर भाषेतच जाऊन बसला. चौथ्या शतकातला रोमन सैनिक मार्टिन. कथा अशी की फ्रान्समधल्या आमियाँच्या वेशीवर कडाक्याच्या थंडीत त्याला एक उघडा भिकारी दिसला. मार्टिननं तलवारीनं आपला झगा कापला आणि अर्धा त्याला दिला. पुढे तो संत झाला आणि त्याचा झगा म्हणून एक कापड फ्रँक राजांनी जपून ठेवलं. छोट्या झग्याला लॅटिनमध्ये ‘कापेला’ म्हणत. तो जिथे ठेवला त्या प्रार्थनाघरालाही तेच नाव पडलं, आणि त्यातूनच आला आजचा शब्द ‘चॅपल’.