हसणाऱ्यांचा तास

हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका शाळेतला सातवीचा वर्ग. बाकं भिंतीला सरकवलेली, मुलं फरशीवर गोल बसलेली. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या दखनी, कुणाच्या मारवाडी. दोघांच्या घरी मराठी. तास घेणाऱ्या समुपदेशक बाईंच्या हातात ना हजेरीपट, ना गुणांची वही.

बाईंनी खडूनं पाच चौकोन आखले: त्रास देणारा, त्याला साथ देणारा, हसणारा, नुसता बघणारा आणि मध्ये पडणारा. मग एक प्रसंग सांगितला. मधल्या सुट्टीत एकाचा डबा पळवतात, त्याच्या अडखळत बोलण्याची नक्कल करतात. ‘तुम्ही तिथं असतात तर कुठं उभे राहिला असतात?’ बहुतेक पोरं धावत ‘मध्ये पडणारा’ या चौकोनात. बाईंनी थोडं थांबून विचारलं, ‘आणि मागच्या वेळी खरोखर कुठं होतात?’ मुलं हळूहळू पांगली. ‘हसणारा’ या चौकोनात उभं राहायला जागा उरेना. एक मुलगा म्हणाला, ‘हम मारे नै टीचर, खाली हँसे.’

बाई त्याला रागावल्या नाहीत. तोच प्रसंग त्यांनी दोनदा करून दाखवायला लावला. पहिल्यांदा सगळे हसले; नक्कल करणारा रंगात आला, आवाज वाढवत गेला. दुसऱ्यांदा कुणीच हसायचं नाही असं ठरलं. त्यानं सुरुवात केली, इकडंतिकडं पाहिलं आणि वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं. मुलांना जे कळायचं ते तिथंच कळलं.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिव्हाली यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं, की छळ हा दोघांतला मामला नसतो; भोवतालचा प्रत्येक जण त्यात काहीतरी करत असतो. तिथल्या शाळांतला ‘किवा’ हा कार्यक्रम याच पायावर उभा आहे. मला हा विचार पटतो, कारण तो मुलाकडून शौर्य मागत नाही. दांडगोबाला अडवायला सांगितलं तर बहुतेक मुलं घाबरतील, आणि त्यांचं घाबरणं रास्तच आहे. पण न हसणं जमतं. एकट्या पडलेल्याला ‘आ रे, हमारे बाजू बैठ’ म्हणणंही जमतं. बाईंनी हे वाक्य प्रत्येकाकडून मोठ्यानं वदवून घेतलं. पहिल्या फेरीत जीभ वळत नव्हती, तिसऱ्या फेरीत वळली.

हा तास वर्गशिक्षकच का घेत नाहीत, असं पालक विचारतात. याचं उत्तर एका प्रयोगात सापडतं. गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगत’ संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७०हून अधिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तक्रारपेटी, भित्तिपत्रक, समुपदेशन हे सगळं प्रशिक्षित बाहेरच्या समुपदेशकानं चालवलं तिथं छळ आणि हिंसा घटली. तोच कार्यक्रम शिक्षकांनी चालवला तिथं फरक पडला नाही. शिक्षकांवर आधीच किती ओझं असतं, ते शाळेत एक दिवस बसलं तरी दिसतं. शिवाय जो गुण देतो त्याच्यापाशी मूल मन मोकळं करेलच असं नाही.

या तासाची हद्दही बाईंना पक्की ठाऊक आहे. त्रास देणाऱ्याला आणि सोसणाऱ्याला समोरासमोर बसवून ‘हात मिळवा’ असं त्या कधीच म्हणत नाहीत. सोसणाऱ्याला त्यात दुसऱ्यांदा भीती सोसावी लागते. अंगाला नकोसा स्पर्श, धमकी, फोनवर फिरवलेला फोटो असं काही शाळेच्या तक्रारपेटीतल्या चिठ्ठीत आलं, तर ते वर्गात चर्चेला येत नाही. मग मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक लावला जातो, मुख्याध्यापकांना कळवलं जातं आणि पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांनाही. विधानसभेसमोरच्या हाका भवनात २०१६ पासून ‘भरोसा’ केंद्र आहे. पोलीस, वैद्यकीय मदत, कायद्याचा सल्ला आणि समुपदेशन तिथं एकाच छताखाली मिळतं.

तास संपल्यावर बाई वर्गात थांबल्या नाहीत. मधली सुट्टी झाली होती. त्या जिन्याखालच्या कोपऱ्यापाशी, मुलांच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर जाऊन उभ्या राहिल्या. पेटीतल्या बहुतेक चिठ्ठ्यांत याच जागेचं नाव असतं.