विश्लेषण : महागडा बोलिंग बॉल कोरड्या लेनवर का फसतो?

टेनपिन बोलिंगमध्ये थोडा हात बसला, की स्वतःचा चेंडू घेण्याची इच्छा होते. मग दुकानात किंवा ऑनलाइन सगळ्यात जास्त वळणाऱ्या, म्हणजे जास्त ‘हुक’ देणाऱ्या चेंडूवर बोट ठेवले जाते. भरपूर तेल असलेल्या लेनवर तो कमाल करतो. मात्र तेल कमी असलेल्या किंवा खेळून खेळून उडालेल्या लेनवर तोच चेंडू अर्ध्या वाटेत वळतो, पहिल्या पिनच्या नाकावर आदळतो आणि मागे दोन टोकांच्या पिन उभ्या ठेवून जातो. मग अशा लेनसाठी कोणता चेंडू घ्यावा?

लेनवर तेल कशासाठी?

फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर लांब असते. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर यंत्राने तेलाचा अत्यंत पातळ थर दिला जातो. मूळ हेतू लेनचा पृष्ठभाग जपण्याचा. पुढे तो खेळाचाच भाग झाला. एका लेनवर पडणारे तेल २५ मिलिलिटरच्या आसपास असते. खोकल्याच्या औषधासोबत १० मिलिलिटरचे माप मिळते, तशी अडीच मापे! एवढेसे तेल अख्ख्या खेळाचे गणित ठरवते आणि डोळ्यांना ते जवळपास दिसतही नाही.

नेहमीच्या सेंटरमध्ये हे तेल मधल्या पट्ट्यात जास्त आणि कडेला कमी असते. आधुनिक चेंडू ते शोषून घेतात आणि प्रत्येक फेकीबरोबर लेन कोरडी होत जाते. संध्याकाळी सातला जी लेन होती, ती नऊ वाजता राहत नाही. जुन्या, झिजलेल्या लेनवर घर्षण मुळातच जास्त असते.

कोरड्या लेनवर नेमके काय घडते?

चेंडू आधी घसरतो, मग वळतो आणि शेवटी निव्वळ गडगडत जातो. गडगडू लागला की त्याचे वळणे संपते. स्ट्राइकसाठी चेंडू पिनमध्ये सुमारे ६ अंशांच्या कोनातून शिरणे उत्तम मानले जाते. सरळ फेकलेल्या चेंडूचा कोन दोन अंशांपर्यंतही जात नाही. म्हणून वळण हवेच, पण ते शेवटच्या टप्प्यात हवे.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचे एक उदाहरण इथे चपखल बसते. समजा, एकजिनसी भरीव गोळा सेकंदाला ८ मीटर वेगाने, अजिबात फिरकी न देता सोडला. घर्षण गुणांक ०.०४ (तेलकट) असेल, तर तो शुद्ध गडगडू लागेपर्यंत सुमारे ४० मीटर घसरेल. म्हणजे लेन संपली तरी घसरणे संपणार नाही. गुणांक ०.२० (कोरडा) असेल, तर हेच अंतर ८ मीटरवर येते. प्रत्यक्षात खेळाडू फिरकी देतो, त्यामुळे आकडे बदलतात. पण घसरण्याचे अंतर एकपंचमांश होणे यातच कोरड्या लेनची सगळी डोकेदुखी आली. चेंडू आपली फिरकी पिनपासून खूप अलीकडेच खर्चून बसतो.

कवच महत्त्वाचे की गाभा?

जाहिरातींमध्ये चेंडूच्या आतल्या गाभ्याची चित्रविचित्र चित्रे असतात. ती बघायला छान असली, तरी पहिला विचार बाहेरच्या कवचाचा, म्हणजे ‘कव्हरस्टॉक’चा करावा.

गाभ्याचे मोजमाप ‘आरजी’ने होते. वस्तुमान केंद्रापासून किती लांब पसरले आहे, हे त्यातून कळते. अमेरिकेच्या ‘यूएसबीसी’ या नियामक संस्थेच्या नियमांत आरजी २.४६ ते २.८० इंचांच्या दरम्यान असावा लागतो. आरजी जास्त असलेला चेंडू उशिरा गडगडू लागतो, म्हणून कोरड्या लेनला तो बरा. पण वरच्याच गणितात २.४८ आणि २.८० हे आरजी घालून पाहिले, तर घसरण्याच्या वेळेत फरक पडतो तो सुमारे एकपंचमांशाचा. घर्षणाने मात्र पाचपटीचा फरक पडला होता. दुसरा आकडा ‘डिफरन्शियल’चा. त्याची कमाल मर्यादा ०.०६० आहे, कोरड्या लेनसाठी तो जितका कमी, तितके वळण आटोक्यात.

मग पर्याय कोणते?

सगळ्यात कमी वळतो तो पॉलिएस्टरचा, बोलीभाषेत ‘प्लॅस्टिक’चा चेंडू. मुंबई-पुण्यातल्या मॉलच्या रॅकवर रंगीबेरंगी चेंडू असतात ते बहुधा हेच. त्यांना नाक मुरडण्याचे कारण नाही. फारच कोरड्या लेनवर आणि कोपऱ्यातली एकटी पिन पाडायला अनुभवी खेळाडूही प्लॅस्टिकच काढतात.

त्यानंतर युरेथेन. याचे वळण लवकर सुरू होते, पण सौम्य आणि अंदाज बांधता येईल असे असते. कोरड्या भागात तो एकदम उसळी घेत नाही. जोरदार फिरकी देणाऱ्यांना तो विशेष मानवतो. दोन हातांनी फेकणारा स्वीडनचा डावखुरा येस्पर स्वेन्सन युरेथेनसाठीच ओळखला जातो. ज्यांची फिरकी बेताची आहे, त्यांचा युरेथेन चेंडू मात्र पिनपाशी पोहोचेपर्यंत थकून जातो.

त्यांच्यासाठी तिसरा पर्याय जास्त कामाचा : सौम्य रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन, तेही ‘पर्ल’ प्रकारचे आणि पॉलिश केलेले. गुळगुळीत कवच पुढच्या भागात कमी पकड घेते, त्यामुळे वळण शेवटासाठी शिल्लक राहते. पहिलाच चेंडू घेणाऱ्यासाठी आमच्या मते हाच सर्वांत शहाणपणाचा. लेनवर तेल जास्त निघाले, तर दुकानातून खरखरीत पॅडने घासून त्याची पकड वाढवता येते. अतिआक्रमक चेंडूला पॉलिश करून मवाळ करण्याला मात्र मर्यादा आहेत.

एवढे आक्रमक चेंडू मग आलेच का?

कारण या खेळातल्या चेंडूंचा ५० वर्षांचा प्रवास जास्त वळण मिळवण्याच्या दिशेनेच झाला. १९७३ मध्ये अमेरिकेच्या डॉन मॅक्यूनने प्लॅस्टिकचे चेंडू रसायनात भिजवून मऊ केले आणि सहा स्पर्धा जिंकल्या. त्यानंतर चेंडूच्या कठीणपणाचे नियम आले. १९८०च्या दशकात युरेथेन, १९९०च्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन आले. चेंडू जास्त वळू लागले, तसे सेंटरवाल्यांनी तेल वाढवले. तेल वाढले, म्हणून कंपन्यांनी आणखी आक्रमक चेंडू काढले. ज्या सेंटरमध्ये एवढे तेल पडतच नाही, तिथला हौशी खेळाडू या चढाओढीत विनाकारण सापडतो.

खरेदीआधी काय तपासावे?

ज्या लेनवर नेहमी खेळता, तिथे तेल किती वेळा आणि किती फुटांपर्यंत देतात, हे काउंटरवर सरळ विचारावे. उजव्या हाताने खेळत असाल, तर आधी पाय आणि नजर डावीकडे सरकवून, वेग थोडा वाढवून पाहावा. एवढ्यानेच भागले, तर पैसे वाचले. वजनाचा मोह नको : कमाल मर्यादा १६ पाउंड असली, तरी शेवटच्या फ्रेमपर्यंत खांदा न दुखता पेलेल तेच वजन घ्यावे. भोके आपल्या हाताच्या मापाने पाडून घ्यावीत आणि पाडणाऱ्याला लेन कोरडी असल्याचे आधीच सांगावे, कारण भोकांच्या जागेनुसारही वळण कमी-जास्त होते. वळण साधण्यासाठी पाडले जाणारे जादा ‘बॅलन्स होल’ यूएसबीसीच्या नियमांनुसार ऑगस्ट २०२० पासून चालत नाही. जुना चेंडू स्वस्तात मिळत असेल, तर त्याला असे भोक नाही ना, हेही पाहून घ्यावे.