हातात कसब, अकाम्यावर ‘लेबर’

शुक्रवारच्या नमाजानंतर रियाधच्या बत्हा भागात पाऊल ठेवायला जागा नसते. आठवड्याची एकच सुट्टी मिळणारे कामगार शहराच्या कानाकोपऱ्यातून इथे येतात. कुणाला घरी पैसे पाठवायचे असतात, कुणाला मोबाइल दुरुस्त करून हवा असतो, कुणाला गावाकडचं माणूस भेटावं एवढीच आस असते. केरळी खानावळी, फिलिपिनो दुकानं, बांगलादेशी भाजीवाले असे सगळे इथे शेजारीशेजारी नांदतात. हाकेच्या अंतरावर मस्मक किल्ला आहे. १९०२ साली अब्दुल अझीझ यांनी तो घेतला आणि आजच्या सौदी राज्याची सुरुवात झाली. त्या इतिहासाचे फलक वाचायला या गर्दीला सवड नाही.

मोठेपणी शिकणाऱ्या माणसांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. बत्ह्यात त्यासाठी शाळा शोधावी लागत नाही. आडव्या गल्लीतल्या एका एसी दुरुस्तीच्या दुकानात मला महाडकडचा एक कारागीर भेटला. वय चाळिशीच्या पुढचं. लेबर म्हणून आला, एका जुन्या मेकॅनिकची हत्यारांची पेटी उचलता उचलता काम शिकला. सुट्टीच्या दिवशी तो आता परीक्षेची तयारी करतो.

कामगारांचं कौशल्य तपासणारी ही परीक्षा सौदीच्या मनुष्यबळ मंत्रालयाने २०२१ मध्ये सुरू केली. नव्याने येणाऱ्यांची ती मायदेशातच घ्यायची आणि आधीपासून इथे असलेल्यांची इथे, अशी तिची रचना आहे. संगणकावर लेखी प्रश्न, मग प्रत्यक्ष काम आणि पास झाल्यास पाच वर्षांचं प्रमाणपत्र. भारतात सुरुवात पाच कामांपासून झाली: प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, गाड्यांचा इलेक्ट्रिशियन आणि एसी-फ्रिजचा मेकॅनिक.

त्याने मला फ्लेअर करून दाखवला. स्प्लिट एसीचा आतला आणि बाहेरचा भाग तांब्याच्या नळ्यांनी जोडतात. त्या नळीचं तोंड फुलवून नटाने आवळायचं, याला फ्लेअर म्हणतात. पाव इंची नळी कटरमध्ये धरून त्याने ती फिरवली. दर फेऱ्याला कटर थोडाच आवळला, कारण जोर केला की नळी चेपते. मग तोंड खाली धरून आतली धार खरवडली, म्हणजे तांब्याचा कीस नळीत जात नाही. “भाई, नट पहिला टाकायचा,” तो म्हणाला. नट राहिला तर फुलवलेलं तोंड कापून पुन्हा पहिल्यापासून. नळी ब्लॉकमध्ये अडकवून, तेलाचा थेंब लावून त्याने शंकू दाबत नेला. तोंड पंचेचाळीस अंशांत उघडलं. मग ते उजेडाकडे धरून त्याने बोट फिरवलं. केसाएवढी चीर असली तरी गॅस तिथूनच निसटतो. जुन्या आर-२२ गॅसपेक्षा आर-४१०ए चा दाब दीडपटीहून जास्त असतो, त्यामुळे पूर्वी खपून जाणारा कच्चा जोड आता खपत नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात असा एक जोड सुटला तर खोलीतल्या माणसांचे हाल होतात.

हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. अडत होतं ते लेखी पेपरात. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावायचा, हे तो कित्येक वर्षं करत आला होता. का लावायचा, हे त्याला या तयारीत कळलं: नळीत ओल राहिली तर कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून ॲसिड तयार होतं आणि वाइंडिंग जळतं. पूर्वी जळालेले कॉम्प्रेसर तो नशिबाच्या खात्यावर टाकायचा. आता तो मला कारणं सांगत होता, आणि सांगताना त्याचा आवाज चढत होता. हाताने आधी शिकलेलं डोक्याला असं पटतं, तेव्हा माणूस आपल्या कामाकडे ताठ मानेने बघतो. ते बघून मला फार बरं वाटलं.

पण पुढचं सगळं अवघड आहे. दिवसाचे दहा-बारा तास काम, वर कॅम्प ते साइट बसचा प्रवास. अभ्यास होतो तो बंक बेडवर, मोबाइलच्या उजेडात. पेपर हिंदी-उर्दूत देता येतो, मराठीत नाही. पास झाला तरी अकाम्यावरचा, म्हणजे निवास परवान्यावरचा, हुद्दा आपोआप बदलत नाही. कंपनीने ‘किवा’ या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा आणि कामगाराने मान्यता द्यायची, अशी पद्धत आहे. कंपनीने अर्जच केला नाही तर प्रमाणपत्र पेटीत पडून राहतं. २०२१ पासून वर्षभरानंतर नोटीस देऊन दुसरीकडे जाता येतं खरं, पण गावी कर्ज फेडायचं असेल तर नवा मालक शोधायची जोखीम कोण घेतो? २०२५ मध्ये कामाच्या परवान्यांची उच्च कुशल, कुशल आणि मूलभूत अशी विभागणी आली, तेव्हापासून या प्रमाणपत्राचं वजन आणखी वाढलं आहे.

शिकलेलं काम हातातून जाऊही शकतं. २०१६ मध्ये मोबाइल विक्री आणि दुरुस्तीची दुकानं पूर्णपणे सौदी नागरिकांसाठी राखून ठेवली गेली. सोल्डरिंग शिकून पोट भरणाऱ्या परदेशी कारागिरांना काही महिन्यांत दुसरी वाट धरावी लागली. आपल्या तरुणांना आधी काम मिळावं, ही त्या देशाची इच्छा रास्त आहे. पण एकाच कसबावर भिस्त ठेवणाऱ्याला त्याचा फटका बसतोच.

इथे येऊन हे सगळं जमवणं अवघड, म्हणून परीक्षेची तयारी गावाहून निघण्याआधीच व्हायला हवी. दहावी नापास मुलाच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का पडतो आणि सौदीला जाताना सरकारी मंजुरी लागते. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली की तो अडसर दूर होतो. अनुभवातून आलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची योजना केंद्राकडे २०१५ पासून आहे. महाड, खेड, मंडणगडच्या आयटीआयमध्ये संध्याकाळी मोठ्या माणसांच्या तुकड्या चालवाव्यात, फ्लेअर आणि व्हॅक्यूममागची कारणं मराठीत समजावून द्यावीत, लेखी पेपराचा सराव करून घ्यावा. कोकणातून आखातात जाणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. त्यांच्या पैशावर गावात घरं उभी राहिली. त्यांना ‘लेबर’ म्हणून विमानात बसवणं आता तरी थांबलं पाहिजे.