सुटा अभ्यासक्रम

शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पदवी उभी राहते; आणि पदवी म्हटली की तीनचार वर्षे, वसतिगृह, परीक्षा आणि अखेरीस तो काळा झगा. चरितार्थाच्या व्यापात गुंतलेल्या माणसाला हा सारा सरंजाम पुन्हा मांडणे शक्य नसते, आणि बहुधा त्याला तो नकोही असतो. इंदूरच्या एखाद्या कारखान्यातील हिशेबनीसाला आकड्यांचे लांबलचक तक्ते संगणकाकडून कसे जुळवून घ्यावेत, एवढेच शिकायचे असते. जिल्हा परिषदेतील कनिष्ठ अभियंत्याला उपग्रहाने टिपलेल्या चित्रावरून पाणलोटाचा नकाशा कसा सिद्ध करावा, हे हवे असते. अशी उणीव लहान असते, नेमकी असते, आणि म्हणूनच एखाद्या सुट्या अभ्यासक्रमाने भरून निघण्याजोगी असते. असे अभ्यासक्रम आज घरबसल्या, संगणकाच्या पडद्यावर, विपुल मिळतात. ते घ्यावे कसे, याविषयी चार शब्द सांगावेत असा विचार आहे.

दुरून शिकवण्याची ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत देशभर पत्र पोहोचू लागले, आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन याने आपली लघुलिपी टपालाने शिकवण्यास आरंभ केला. विद्यार्थी बायबलातील उतारे लघुलिपीत उतरवून त्याच्याकडे पाठवीत. ते तपासून, दुरुस्त होऊन त्यांच्याकडे परत येत. या व्यवहारातला परतीचा टपाल श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे मला जे सांगायचे आहे ते सारे त्याच्याभोवती फिरणारे आहे.

आपल्या देशात तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली ‘एनपीटेल’ हा उपक्रम हाती घेतला आणि अभियांत्रिकीची व्याख्याने सर्वांना खुली केली. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेने २००७ पासून उपग्रहचित्रे वाचण्याची विद्या दूरस्थ वर्गांतून शिकवण्यास प्रारंभ केला. २०१७ साली केंद्र सरकारने ‘स्वयम्’ सुरू केले. विद्येचे दार उघडे नाही, ही तक्रार निदान या क्षेत्रात तरी आता करता येणार नाही.

परंतु उघड्या दारातून आत गेलेले किती जण पलीकडे पोहोचतात? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन अध्यापकांनी २०११ साली कृत्रिम बुद्धिमत्तेवरील अभ्यासक्रम जगाला खुला केला, तेव्हा सुमारे एक लाख साठ हजार लोकांनी नावे नोंदवली. तो पुरा करणारे वीस हजारांहून थोडे अधिक निघाले. हार्वर्ड आणि एमआयटी या संस्थांच्या खुल्या अभ्यासक्रमांची २०१७-१८ ची आकडेवारी २०१९ साली प्रसिद्ध झाली, ती तर याहून विदारक आहे. नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केला होता. मात्र ज्यांनी प्रमाणपत्रासाठी शुल्क भरले होते, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ४६ होते. पैसे भरल्याने बुद्धी येते असा याचा अर्थ कोणी करू नये. ज्याचा निश्चय आधीच झालेला असतो तोच पैसे भरतो, हेही तितकेच खरे. तथापि भरलेले शुल्क आणि ठरलेली तारीख यांचा माणसाच्या मनावर काही एक अंकुश राहतो, हे आपण सारेच अनुभवाने जाणतो.

याहून सूक्ष्म असा एक धोका आहे, आणि तो अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यालाही चुकत नाही. उत्तम अध्यापकाचे व्याख्यान ऐकताना सारे समजल्यासारखे वाटते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्याने तो एकदाच अभ्यासला आणि नंतर तीन वेळा, समोर काही न ठेवता, आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट सरस ठरला. आठवड्याने घेतली तेव्हा पहिल्या गटाला उताऱ्यातील शेकडा ४० भाग आठवला, दुसऱ्याला ६१. पुन्हा पुन्हा अभ्यासणाऱ्यांनाच आपल्या स्मरणाविषयी अधिक खात्री वाटत होती, ही त्यातली गंमत! पडद्यासमोर बसून एकामागून एक व्याख्याने पाहणारा गृहस्थ नेमका या पहिल्या गटात मोडतो.

आकाशवाणीलाही हा धडा फार पूर्वीच मिळालेला आहे. १९५६ साली पुण्याच्या परिसरातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे खेड्यांत, शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापन झाली. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि आपल्या शंका केंद्राकडे कळवीत. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, त्यांच्या मानाने मंडळांच्या गावांतील शेतकऱ्यांच्या ज्ञानात कितीतरी अधिक भर पडल्याचे पाहणीत आढळले. ध्वनिक्षेपकाशी बोलणाऱ्याने हे कबूल करणे थोडे कष्टाचे आहे. परंतु नुसते कानावर पडलेले टिकत नाही.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना अध्यापकाची कीर्ती पाहावी, पण त्याआधी परतीचा टपाल आहे की नाही ते पाहावे. एनपीटेलची रचना या दृष्टीने विचारपूर्वक केलेली आहे. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सुमारे तीस तासांची व्याख्याने असतात. दर आठवड्याला स्वाध्याय, आणि त्याला मुदत. ऐकणे विनामूल्य, प्रमाणपत्र हवे असेल त्याने शुल्क भरून नेमलेल्या केंद्रावर देखरेखीखाली परीक्षा द्यावयाची. स्वाध्यायांना २५ गुण, परीक्षेला ७५. दोहोंत वेगवेगळे उत्तीर्ण झाल्याखेरीज प्रमाणपत्र नाही.

तीस तास हे ऐकण्याचे झाले. स्वाध्याय, उजळणी आणि अडलेले पुन्हा पाहणे मिळून ते सहज दुप्पट होतात, म्हणजे आठवड्याला पाच तास. नोकरी करणाऱ्या स्त्रीपुरुषांनी हे पाच तास कोठून काढायचे, ते आधी घरात बोलून ठरवलेले बरे. पहाटेचा एक तास म्हटले तर घरच्या कुणाला तरी डबे एकट्याने करावे लागतात. या कारणासाठीच एका वेळी एकच अभ्यासक्रम घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच ठिकाणी नाव घालून ठेवण्याची चाल आजकाल फार बोकाळली आहे.

आणि स्वाध्यायासाठी आपल्याच कामातला विषय घेता आला तर सोन्याहून पिवळे. वर उल्लेखिलेल्या अभियंत्याने सरावासाठी दिलेल्या चित्राबरोबर आपल्या तालुक्यातील एका ओढ्याचाही नकाशा करून पाहावा. तो चुकला, तर त्या शिवारातला कोणीही जाणता शेतकरी कोठे चुकला ते त्याला दाखवून देईल.