गव्हाच्या रुपयांतून उभं राहिलेलं राजकारणाचं दालन

साठच्या दशकात रेशनच्या रांगेतून आपल्या घरांत आलेल्या अमेरिकन गव्हाची किंमत भारत सरकार डॉलरमध्ये नव्हे, रुपयांत चुकती करत होतं. १९५४ च्या ‘पीएल ४८०’ या अमेरिकी कायद्याची तशी तरतूदच होती. हे रुपये अमेरिकेच्या नावावर, पण भारतातच साठत गेले. १९५८ मध्ये मिशिगनचे लोकप्रतिनिधी जॉन डिंगेल यांच्या पुढाकारानं कायद्यात दुरुस्ती झाली आणि या पैशातून पुस्तकं घ्यायला लायब्ररी ऑफ काँग्रेसला मुभा मिळाली. १९६२ मध्ये तिचं दिल्लीत कार्यालय उघडलं. भाषाभाषांतले पुस्तकविक्रेते नवी प्रकाशनं तिथं पाठवू लागले, निवड आणि नोंदणी होऊन त्यांचे गठ्ठे अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे जाऊ लागले. त्यांतलं एक होतं शिकागो विद्यापीठ.

आपल्या दृष्टीनं ही वेळ फार मोलाची होती. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं, जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून अस्तित्वात आलेल्या. साखर कारखाने, सहकार, पुढे १९६६ ची शिवसेना, १९७२ ची दलित पँथर हे सारं घडत असतानाच त्याविषयीचं छापील साहित्य शिकागोला पोचण्याची वाट तयार झाली होती.

वाट असली तरी काय मागवायचं आणि कुठं नीट लावायचं, हे कळणारं माणूस लागतं. शिकागोला ते मॉरीन पॅटरसन यांच्या रूपानं मिळालं. त्या दक्षिण आशियाच्या ग्रंथसूचीकार होत्या, आणि त्याआधीपासून महाराष्ट्राच्या राजकारणाच्या अभ्यासकही. महाराष्ट्रातली जात आणि राजकीय नेतृत्व यांवरचा त्यांचा लेख १९५४ मध्येच मुंबईच्या ‘इकॉनॉमिक वीकली’त आला होता. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाची कागदपत्रं ज्यानं स्वतः धुंडाळली आहेत, त्याला एखादी चोपडी हातात घेताच तिची किंमत कळते. १९८१ मध्ये त्यांनी दक्षिण आशियावरची प्रचंड ग्रंथसूची प्रसिद्ध केली. तिच्यात २८ हजारांहून अधिक नोंदी आहेत. ग्रंथपालानं विषयाचा अभ्यासक असावं की नाही, यावर ग्रंथालयशास्त्रात वाद होत असतील. राज्यशास्त्राच्या संग्रहापुरतं तरी माझं मत पक्कं आहे: असलंच पाहिजे.

कारण या विषयाचं साहित्य एका फडताळात मावतच नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरणात राज्यशास्त्राला ‘जे’ हे अक्षर आहे आणि भारताची शासनव्यवस्था ‘जेक्यू’त येते. पण भारतातल्या जातिव्यवस्थेवरची पुस्तकं ‘डीएस ४२२’ मध्ये, म्हणजे इतिहासाच्या विभागात. सहकाराची पुस्तकं अर्थशास्त्रात, मठ-मंदिरांची धर्मात. महाराष्ट्राचं राजकारण समजून घेणाऱ्याला हे सगळे मजले चढावे लागतात. फक्त ‘जे’ अक्षराखाली खरेदी करणारं ग्रंथालय पाठ्यपुस्तकांचं दुकान होऊन बसतं.

शिकागोत या संग्रहाला वाचकही तसेच लाभले. लॉइड आणि सुझान रुडॉल्फ हे राज्यशास्त्रज्ञ दांपत्य १९६४ मध्ये तिथं आलं. जातिसंघटनांना लोकशाहीच्या राजकारणात कसं स्थान मिळालं, हे त्यांनी १९६७ च्या ‘द मॉडर्निटी ऑफ ट्रॅडिशन’मध्ये मांडलं. प्राध्यापक मागणी करतात, ग्रंथपाल पुरवतो, त्यावर विद्यार्थी प्रबंध लिहितात आणि तेही पुन्हा संग्रहात येतात.

पीएल ४८० ची एक मर्यादा होती. त्यातून चालू प्रकाशनंच घेतली जात. जुनं, दुर्मीळ साहित्य त्या वाटेनं येणार नव्हतं. त्यासाठी १९६७ मध्ये अनेक विद्यापीठांनी मिळून, शिकागोतल्याच सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज या संस्थेत, दक्षिण आशियाच्या साहित्याचा मायक्रोफिल्म प्रकल्प सुरू केला. एकानं खर्च करून फिल्म करायची, सर्वांनी वाचायची. पुढे रुपयेही आटले. १९७४ मध्ये अमेरिकेनं १६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला देऊन बराचसा हिशेब मिटवला, आणि कालांतरानं ग्रंथालयांना आपले डॉलर मोजून पुस्तकं घ्यावी लागली. तरी शिकागोनं हे काम सोडलं नाही. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आज आपण मोबाइलवर पाहतो, तो याच विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयातून.

पण विक्रेत्याच्या यादीतून येत नाही असा मोठा ऐवज इथंच उरतो: तालुक्याच्या छापखान्यात निघालेली पत्रकं, बाजार समितीच्या पॅनेलचे जाहीरनामे, मोर्चाच्या मागण्यांचे कागद, पक्षाच्या अधिवेशनातले ठराव. किंमत छापलेली नसल्यानं ते कुठल्याच दुकानात जात नाहीत. तो गोळा करणं हे आपल्या विद्यापीठांचं काम आहे, आणि त्यासाठी गव्हाचे रुपये लागत नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार विधानसभा-लोकसभेच्या प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असावाच लागतो; म्हणजे नोंदीची निम्मी माहिती कागदावर आयतीच असते.

तुमच्या घरच्या माळ्यावर, एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या पेटीत असे कागद असतील, तर रद्दीत घालू नका. त्यांवर साल आणि गाव पेन्सिलनं लिहा, आणि जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथपालाला नेऊन द्या.