यंत्र, पाटी आणि पालथा घडा



'शैक्षणिक तंत्रज्ञान' हा शब्द कानांवर पडला की आपल्या डोळ्यांपुढे लगेच एखादे यंत्र उभे राहते. कोणाला भिंतीवर चित्रे टाकणारा प्रोजेक्टर आठवतो, कोणाला संगणक, कोणाला हातातला मोबाइल. शाळेत यंत्र आले म्हणजे तंत्रज्ञान आले, अशी आपली साधी समजूत. या समजुतीत थोडा घोटाळा आहे, आणि तो आपल्या मुलांना महाग पडतो. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी बोलाव्या म्हणतो.

मी पेशाने महाविद्यालयातला अध्यापक. एम.ए. होऊन पुष्कळ वर्षे झाली. चाळिशी उलटल्यावर शिक्षणशास्त्राचा अभ्यास पुन्हा हाती घेतला, त्यात हा विषय वाट्याला आला. अभ्यासाच्या निमित्ताने टेंभुर्णीच्या आसपासच्या प्राथमिक शाळांत जाऊन, मागच्या भिंतीला टेकून, मुलांबरोबर बसू लागलो. काही शाळांत यंत्रे उत्तम चालू दिसली. एका शाळेत प्रोजेक्टरवर स्वच्छ धुतलेले कापड घातलेले होते आणि त्यावर हजेरीपट ठेवलेले होते! पण मला त्या झाकलेल्या यंत्रापेक्षा चालू असलेल्या यंत्राचाच प्रश्न जास्त मोठा वाटला. तो कसा, ते सांगतो.

पडद्यावर पाण्याच्या वाफेचे सुंदर चित्र चालू असते. मुले टक लावून पाहत असतात. चित्र संपते. गुरुजी विचारतात, "समजलं का रे?" सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "हो ऽ ऽ!" त्या 'हो'मध्ये दहा जणांचे समजलेले असते, पंधरा जणांचे अर्धवट असते, आणि उरलेले नुसते आवाजात आवाज मिसळत असतात. आता कोणाचे काय, हे गुरुजींना कळावे कसे?

आपल्याकडे म्हणतात, पालथ्या घड्यावर पाणी. म्हण खरी आहे. पण ती आपण नेहमी मुलाला लावतो. घडा पालथा असेल तर त्यात घड्याचा काय दोष? तो पालथा आहे हे पाणी ओतणाऱ्याला वेळीच दिसले, तर सुलटा करून ठेवायला कितीसा वेळ लागतो! वर्गात ते दिसण्याची सोय करणे, हेच शैक्षणिक तंत्रज्ञानाचे पहिले काम आहे. पाणी कशाने ओतायचे, तांब्याने की पंपाने, हा त्यानंतरचा विचार.

ही गोष्ट परदेशात एका मोठ्या मानसशास्त्रज्ञाच्या ध्यानात आली, ती अशीच वर्गात बसल्यावर. अमेरिकेत बी. एफ. स्किनर नावाचे प्राध्यापक होते. १९५३ साली ते आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहायला गेले. मुले गणिते सोडवीत होती. पण आपले बरोबर आहे की चूक, हे त्यांना तिथल्या तिथे कळत नव्हते. कोणी पटकन संपवून कंटाळले होते, कोणी पहिल्याच गणितावर अडले होते. स्किनरसाहेबांनी लवकरच शिकवण्याचे एक यंत्र तयार केले. त्यात विषयाचे बारीक बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर मुलाने स्वतः उत्तर द्यायचे आणि ते बरोबर की चूक हे लगेच कळायचे. ते यंत्र आज कोणी वापरीत नाही. त्यामागचा विचार मात्र टिकला: उत्तर प्रत्येक मुलाने द्यायचे, आणि त्याचा निकाल ताबडतोब.

आता तुम्ही म्हणाल, असले यंत्र आमच्या वस्तीशाळेत कुठून यायचे? अहो, ते आपल्याकडे कधीचे आहे. त्याला पाटी म्हणतात.

उदाहरण घेऊ. फळ्यावर गणित लिहा: ५२ वजा १८. मुलांना सांगा, कोणी बोलायचे नाही, शेजारी पाहायचे नाही, उत्तर पाटीवर मोठ्या आकड्यांत लिहायचे. थोडा वेळ द्या. मग म्हणा, "पाट्या वर!" एका नजरेत सगळा वर्ग तुमच्यापुढे उघडा होतो. ज्यांनी ३४ लिहिले त्यांचे बरोबर. कोणी ४६ लिहिले असेल. त्याने पाचातून एक काढला आणि दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन काढले. त्याला हातचा घेणे मुळी उमगलेलेच नाही. कोणी ४४ लिहिले असेल. त्याने हातचा घेतला, बारातून आठ काढून चार मांडले. पण दशकाच्या घरातून एक दिला, हे विसरला. आणि कोणी ७० लिहिले असेल, तर त्याने वजाबाकीची बेरीज केली. त्याने खूणच नीट पाहिली नाही.

पाहा, चुकीची उत्तरे तीन आणि तिन्हींना औषध वेगळे. ४६ वाल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतील. ४४ वाल्याला दिलेला दशक खोडून लिहिण्याची सवय लावली की झाले. ७० वाल्याला नुसते, "बाळ, खूण पाहा," एवढे पुरते. आपण मात्र बहुधा तिघांनाही सबंध गणित पुन्हा फळ्यावर करून दाखवतो, आणि तिघेही ते वहीत उतरवून घेतात. पाटी नसेल तर वहीचे मागचे पान चालेल. मुद्दा हा, की मुलाचे मन काय करीत आहे ते शिक्षकाला दिसले पाहिजे.

दृक्‌-श्राव्य साधनांचा विषय निघाला की काही आकडे हमखास सांगितले जातात. वाचलेले दहा टक्के ध्यानात राहते, ऐकलेले वीस टक्के, पाहिलेले तीस टक्के, वगैरे. आणि ते एडगर डेल या विद्वानाच्या 'अनुभवाच्या शंकू'वर मांडलेले असतात. डेल यांनी १९४६ साली तो शंकू मांडला, हे खरे. पण त्यात टक्के नव्हते. ते मागाहून कोणीतरी चिकटवले. म्हणून कोणी तुम्हाला, पडद्यावर दाखवले म्हणजे अमुक इतके लक्षात राहतेच, असे सांगू लागले, तर जरा थांबा. राहते की नाही, ते पाट्या वर करून पाहा.

आता आपल्या आकाशवाणीचीच एक गोष्ट सांगतो. १९५६ साली पुणे केंद्राच्या क्षेत्रातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे खेड्यांत, युनेस्कोच्या साहाय्याने 'ग्रामीण श्रोतृमंडळां'चा एक प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, शेतीविषयी आणि गावाविषयी कार्यक्रम व्हायचे. पंधरा-वीस जणांचे मंडळ रेडिओभोवती बसायचे. कार्यक्रम संपला की उठून जायचे नाही. रेडिओ बंद करून चर्चा करायची. मंडळाचे प्रश्न केंद्राकडे जायचे आणि त्यांची उत्तरे पुढच्या एखाद्या कार्यक्रमात यायची. या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत झाली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, त्यांच्यापेक्षा मंडळ असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत कितीतरी जास्त भर पडलेली आढळली. रेडिओ इकडेही होता आणि तिकडेही. फरक पडला तो रेडिओ बंद केल्यानंतरच्या वेळेने. १९५९ पासून ही मंडळे देशभर सुरू झाली, ती या अनुभवावरूनच.

यंत्र एका बाजूने बोलते. श्रोत्याचे बोलणे परत येण्याची वाट माणसाला बांधावी लागते.

आमच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे नाव तुम्ही ऐकले असेल. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक म्हणून रुजू झाले. पाठ्यपुस्तकाच्या पानांवर त्यांनी क्यूआर कोड, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे चौकोन, छापण्याची कल्पना काढली. मोबाइल त्यावर धरला की त्या धड्याची कविता ऐकू यावी, चित्रफीत दिसावी, स्वाध्याय सोडवता यावा. ही कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरांच्या त्या रकमेतला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकला.

वर्तमानपत्रांतून गाजला तो चौकोन. पण पुरस्काराच्या वेळी त्यांच्या कामाचे जे वर्णन केले गेले, त्यातली एक बाब मला शिक्षक म्हणून जास्त मोलाची वाटते. मुलांच्या प्रतिक्रिया पाहून त्यांनी धड्यांतील मजकूर आणि स्वाध्याय बदलत नेले, असे त्यात म्हटले होते. म्हणजे तिथेही पाट्या वर होत होत्या! चौकोन आता घरोघरच्या पुस्तकांत आहे. मुलांकडून परत आलेले पाहून उद्याचा धडा बदलणे, हे मात्र छापून वाटता येत नाही. ते प्रत्येक वर्गात नव्याने करावे लागते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या सगळ्याची परीक्षाच झाली. ज्याच्या घरी मोबाइल त्याला धडा, ज्याच्या घरी नाही त्याला काहीच नाही, अशी अवस्था. सोलापूर शहरात नीलमनगर भागातल्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. भिंतीला रिचार्ज लागत नाही. येता-जाता मूल थांबून वाचते, बोटाने गिरवते. साधन गरिबाच्या दारापर्यंत गेले पाहिजे, ही गोष्ट त्या भिंतींनी शिकवली. मुलाचे उत्तर पाहायला मात्र भिंतीशेजारी माणूसच लागतो.

मग शिक्षकाने करावे काय? तीन गोष्टी करा. पडदा लावण्याआधी एक प्रश्न विचारा आणि मुलांचे अंदाज लिहून घ्या. चित्र निम्म्यावर आले की थांबवा, विचारा, "आता पुढं काय होईल?" आणि चित्र संपल्यावर, 'समजलं का' हा प्रश्न सोडून द्या, त्याऐवजी प्रत्येकाला काहीतरी लिहायला, काढायला किंवा करून दाखवायला सांगा. पाच मिनिटांचे चित्र आणि पंधरा मिनिटांची बोलाचाली, हे माप ठेवा. यंत्र बिघडले, वीज गेली, तरी यातले फारसे काही अडत नाही. आणि पालकहो, पोर घरी मोबाइलवर धडा पाहत असेल तर त्याला म्हणा, "मला समजावून सांग बघू." तुम्हाला लिहिता-वाचता येत नसले तरी चालेल. जिथे पोर अडखळेल, ती जागा त्याने उद्या गुरुजींना दाखवायची.

हे सारे मी का इतक्या कळकळीने सांगतो? आमच्या भागात उजनीचे पाणी आले, ऊस आला, कारखाने आले. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुले. त्यातले एखादे मूल वर्षाच्या मध्येच शाळेत येऊन बसते. आधीचे धडे कुठे राहिले, पुढचे कुठे सुरू झाले, हे ते सांगत नाही. चार-सहा महिन्यांनी पट्टा पडला की ते निघून जाते. 'समजलं का' म्हटल्यावर तेही सगळ्यांबरोबर 'हो' म्हणते. त्याच्या मनात ४६ आहे की ४४, हे ज्या दिवशी आपण पाहतो, त्या दिवशी ते मूल खऱ्या अर्थाने आपल्या पटावर येते. नाही पाहिले, तर ते नुसते हजेरीत राहते, आणि एक दिवस हजेरीतूनही जाते.

तेव्हा शाळेसाठी यंत्र जरूर मागा, ग्रामपंचायतीकडे मागा, माजी विद्यार्थ्यांकडे मागा. मिळाले तर कापडाखाली ठेवू नका. पण ते येईपर्यंत थांबूही नका. उद्या सकाळी पहिल्याच तासाला फळ्यावर एक गणित लिहा, आणि पाट्या वर करायला सांगा.